एकोणीस भागांची सुलटी बांधणी

तीर्थरूप ताईस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, त्यामुळे अर्धाच वाकलो, उरलेला नमस्कार भेटीत.) तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला बसला का? मागच्या वेळी फोनवर तुझ्यापेक्षा तोच जास्त बोलला. आमच्याकडे सगळं ठीक आहे, म्हणजे छप्पर जागेवर आहे, तुझी भावजय जागेवर आहे, फक्त मी ताळ्यावर नाही. हे पत्र तू एकटीने वाच. सुटीला आलेली चिमणी घरात असेल तर न्हाणीघरात जा, कडी लाव आणि नळ सोड. तुला हसू आवरत नाही हे मला लहानपणापासून ठाऊक आहे, आणि या पत्रात तुझ्या भावाची फजिती असल्यामुळे तू हसणारच. फोनवरच सांगितलं असतं, पण तुमच्याकडे फोन उचलते चिमणी, आणि तू तो कानाला न लावता टेबलावर ठेवून सगळ्या घराला ऐकवतेस.

गेली दोन वर्षं तुझी ही लेक, चिमणी, शिकायला म्हणून आमच्याकडे आहे, तिच्या खोलीतली ती लांब फळी तू पाहिली आहेस. तिच्यावर एकोणीस पुस्तकं. त्यांना मंगा म्हणतात. मंगा म्हणजे चित्रांतून सांगितलेली गोष्ट, आणि तीच चित्रं पडद्यावर हलायला-बोलायला लागली की तिला ॲनिमे म्हणायचं. हे मला आता कळतं. आधी आम्हाला वाटायचं की ॲनिमे ही तिची कुणी मैत्रीण आहे. ‘आज संध्याकाळी ॲनिमे आहे’ असं खोलीतून ऐकू आलं की ही चहाचं आधण एक कप वाढवून ठेवायची. दोन वर्षं तो कप वाया गेला. त्या फळीला हात लावायची कुणालाच मुभा नव्हती. मामीला धूळ झटकण्यापुरती होती, तीही कोरड्या फडक्याने. मला तर बघण्यापुरतीच, कारण माझ्या बोटांना कायम खळ लागलेली असते. एकेक परीक्षा पास झाली की पोरगी एकेक भाग आणायची. शाळेपासूनच्या सहा वर्षांच्या परीक्षा तिथे ओळीने उभ्या होत्या म्हण ना.

तुमच्याकडे सुटीला निघाली त्या सकाळी मात्र ती माझ्या दुकानात आली. मी शिकंज्यात वह्या दाबत होतो. म्हणाली, “मामा, पहिल्या चार भागांची पानं सुटायला लागली आहेत. बांधून ठेवशील? दुसऱ्या कुणाच्या हातात दिली नसती.” ताई, चाळीस वर्षं मी पुस्तकं बांधतोय. न्यायाधीशांची बांधली, डॉक्टरांची बांधली, एका गृहस्थाने स्वतःच्या बायकोशी झालेला सगळा पत्रव्यवहार बांधून घेतला, तोही कातडी पाठीत. पण हे वाक्य मला कुणी म्हटलं नव्हतं. माझी छाती फुगली. पुढचं सगळं त्या फुगलेल्या छातीने केलं, मी नाही.

पहिला भाग उघडला तर काय, पुस्तक शेवटापासून सुरू! पहिल्या पानावर शेवट, शेवटच्या पानावर सुरुवात, आकडे उलटे. मी म्हटलं, छापखान्याने घोळ घातला. पाठ चुकीच्या बाजूला लावली. दुसरा पाहिला, तोही तसाच. आणि वर कहर असा की उघडल्या उघडल्या छापखानेवाल्यानेच एक पान घातलं होतं. त्यावर मोठ्या अक्षरांत होतं: ‘थांबा! तुम्ही चुकीच्या बाजूने सुरुवात करत आहात.’ मला संताप आला. चूक कबूल करायची, छापून कबूल करायची, पण दुरुस्त म्हणून करायची नाही! आमच्या वेळी छापील पानांचा एक फर्मा उलटा लागला तर मालक आख्खा गठ्ठा परत पाठवायचा. मी ते पान काढून कातरणांच्या पोत्यात टाकलं आणि बाह्या वर केल्या.

चारच भाग सुलटे केले असते तर उरलेले पंधरा फळीवर उलटे राहिले असते, आणि ते शोभलं नसतं. म्हणून मी एकोणीसच्या एकोणीस घेतले. जुनी पाठ यंत्राखाली धरून कापली, पानं मोकळी केली, पहिलं पान वर येईल अशी रास लावली आणि डाव्या बाजूने, आपल्या साऱ्या पुस्तकांसारखी, नवी पाठ बसवली. जाड दोऱ्याची शिलाई, गडद निळं कापड, त्यावर सोनेरी आकडे एक ते एकोणीस. पंधरा दिवस गिऱ्हाइकांना ‘उद्या या’ सांगून हेच केलं. फळीवर लावले तेव्हा ही दारात उभी राहून म्हणाली, “बाई, एखाद्या राजाचं पुस्तकघर वाटतंय.” (असं ती माझ्या कामाबद्दल लग्नानंतर दुसऱ्यांदा म्हणाली. पहिल्यांदा काय म्हणाली होती ते नेमकं आठवत नाही, बहुधा ते काम दुसऱ्याचं होतं.)

मग आम्ही दोघं ते वाचायला बसलो. इतकं केलं, तर वाचायला नको? गोष्ट अशी: एका मुलीची सावली हरवली आहे, आणि ती म्हाताऱ्या घोड्यावर बसून तलवार घेऊन सावली शोधत गावोगाव फिरते. आता, प्रत्येक पानावर चार-सहा चौकटी. आम्ही आपले डावीकडून उजवीकडे वाचतोय. मुलगी आधी म्हणते, ‘नाही, मी त्याला मारलं नाही,’ आणि मग शेजारच्या चौकटीत फौजदार विचारतो, ‘त्याला तू मारलंस का?’ आधी जखम, मग वार. आधी आभार, मग मदत. ही म्हणाली, “पोरीला पुढचं कळतं हो. सावली गेली त्या बदल्यात तिला ही विद्या मिळालीय.” मला ते एकदम पटलं. सातव्या भागात तर दोन पानं व्यापून घोडा आहे. आमच्या बांधणीत डाव्या पानावर घोड्याचं मागचं अंग, उजव्या पानावर तोंड, आणि मधल्या शिलाईपाशी त्याचं नाक त्याच्याच शेपटीला लागलेलं. घोडा स्वतःची शेपटी हुंगत स्वतःच्या मागून चाललेला! आम्ही त्या चित्रापुढे अर्धा तास बसलो. मी म्हटलं, “याला म्हणतात खोल विचार. आयुष्यभर माणूस दुसरं काय करतो?” हिने डोळे पुसले. ताई, खोटं कशाला सांगू, मीही पुसले.

वाचणं आमचं एकोणिसाव्या भागापर्यंत पुरं झालं आणि दुसऱ्याच दिवशी एक मुलगी स्वतःचा प्रबंध बांधायला घेऊन आली. (तिला आपण प्रबंधवाली म्हणू. प्रबंध मुंग्यांवर होता आणि मुंग्यांच्या रांगेइतकाच लांब होता.) गिऱ्हाइकांना दाखवायला मी सातवा भाग दुकानात आणून ठेवला होता, तो मोठ्या ऐटीत तिच्यापुढे उघडला. तिने घोडा पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा घोडा पाहिला आणि खाली स्टुलावर बसली.

“काका,” ती म्हणाली, “हे तुम्ही केलंत?”

“सगळे एकोणीस,” मी म्हटलं.

“काका, मंगा उजवीकडूनच वाचतात. ते जिथून येतं तिथे पुस्तकं तशीच असतात. ती चूक नसते. चौकटीसुद्धा उजवीकडून डावीकडे जातात.” तिने पान माझ्यासमोर धरलं आणि बोट उजवीकडून फिरवलं. फौजदाराने आधी विचारलं, मुलीने मग उत्तर दिलं. साधी, सरळ, शहाणी गोष्ट. माझ्या हातातून खळीचा ब्रश पडला तो थेट मुंग्यांवर.

घोड्याचा एक फोटो काढून ती गेल्यावर मी दुकानाचं दार ओढून घेतलं आणि बसून राहिलो. ताई, इथे थोडं हसू थांबव. कुणाचं पुस्तक माझ्या हातून बिघडलं असं चाळीस वर्षांत झालं नव्हतं, आणि बिघडलं ते कुणाचं, तर जिने विश्वासाने हातात दिलं तिचं. कापलेली पाठ परत जोडता येत नाही. इतकं मला कळतं, कारण बाकी काही मला कळतच नाही. हिला सांगितलं तेव्हा ही रागावली नाही, हेच जास्त लागलं. ती फक्त म्हणाली, “नवे एकोणीस आणू. इतक्या मोठ्या शहरात मिळणार नाहीत होय?”

तर ताई, या शहरात काय मिळत नाही? पण जे पाहिजे ते सोडून सगळं मिळतं. आधी मी गेलो तीन मजली पुस्तकांच्या दुकानात. तिथे काचेमागच्या माणसाला विचारलं, “मंगा आहे का?” तो म्हणाला, “मंगा आज सुटीवर आहे, उद्या सकाळी येईल.” मी म्हटलं, “एकोणीस हव्यात.” तो माणूस मॅनेजरला बोलवायला गेला. (मंगा म्हणजे त्यांची हिशेबनीस निघाली. दुसऱ्या दिवशी भेटली, फार सज्जन बाई, तिनेच मला वरच्या मजल्यावर नेलं.) वर एक आख्खी भिंत मंगांची, आणि तिच्यासमोर जमिनीवर पाय पसरून पंचवीस-तीस मुलंमुली वाचत बसलेली. विकत कुणी घेत नव्हतं. ओलांडायला वाट नव्हती. मी “सरका, सरका” म्हणत पुढे गेलो तर एक मुलगी पान न उलटता म्हणाली, “आजोबा, फाइट चाललीय.” मी फाइट संपेपर्यंत उभा राहिलो. पहिला, दुसरा, तिसरा आणि सोळावा मिळाला. मधले कुठायत विचारलं, तर तिथला विक्रेता म्हणाला की लोक पहिले तीन घेतात, मग प्रेमात पडतात किंवा नोकरीला लागतात. सोळावा का आहे ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

मग रद्दीवाले झाले. तिथे पुस्तकं जाडीप्रमाणे लावलेली असतात. एकाने मला मंगा म्हणून मोटारीच्या इंजिनाची चित्रं दिली आणि ‘हे पण उलटं वाचलं तरी चालतं’ असं आश्वासन दिलं. तिथून कुणीतरी सांगितलं की मोबाइल दुरुस्तीच्या बाजारात तिसऱ्या मजल्यावर, जिन्यामागे, ॲनिमेवाल्याचं दुकान आहे. गेलो. खोली आमच्या मोरीएवढी, आणि आत शेकडो बाहुल्या. मोठ्या डोळ्यांच्या, हातात शस्त्रं, अंगावर बेताचे कपडे. मालक गळ्यापर्यंत दाढी वाढवलेला, बोलायला अगदी हळू, दवाखान्यातल्यासारखा. मी सावली हरवलेल्या मुलीचं नाव काढताच त्याचे डोळे चमकले. त्याने तिची बाहुली काढली, तिच्या घोड्याची बाहुली काढली, ॲनिमेच्या तबकड्या काढल्या, तिचं तोंड छापलेला उशीचा अभ्रा काढला. पुस्तकं मात्र नाहीत. फक्त नववा भाग, तोही काचेच्या कपाटात शोभेला. मी त्याला सगळं खरं सांगून टाकलं. त्याने डोळे मिटले. बराच वेळ मिटले. मग कपाटाचं कुलूप काढून नववा भाग माझ्या हातात ठेवला आणि म्हणाला, “रविवारी सकाळी सार्वजनिक वाचनालयाच्या तळघरात जा. मंगांची अदलाबदल असते. पण तुम्ही केलेलं तिथे कुणाला दाखवू नका. लोक हळवे आहेत.”

मी दाखवायलाच नेलं, हे तुला सांगायला नकोच. सातवा भाग पिशवीत घातला होता. तळघरात उतरलो तर गोष्टींतल्या पात्रांची सोंगं घेतलेली, निळ्या केसांची, हिरव्या केसांची, पंखांची, पट्ट्यांची माणसं. सगळी चहा पीत होती. कुणाच्या पाठीला पुठ्ठ्याची तलवार, कुणाच्या हातात पुठ्ठ्याची कुऱ्हाड. पुठ्ठा बरा होता पण चिकटकाम अगदी कच्चं. एकाची तलवार मुठीपाशी लोंबत होती ती माझ्याने बघवेना. खिशात दोरा आणि सुई असतेच. तिथेच बसून चार टाके घातले. पाच मिनिटांत माझ्यासमोर रांग लागली. सात तलवारी, दोन ढाली आणि एक शेपूट एवढं दुरुस्त करून मी मान वर केली, तेव्हा समोर कोल्ह्याचे कान लावलेला एक उंच इसम उभा होता. लाल झगा, नऊ शेपट्या. मी तोंड उघडं टाकून बघतच राहिलो. त्या कोल्ह्याने माझ्या तोंडात जरासं डोकावून पाहिलं आणि म्हणाला, “डावीकडची दाढ अजून काढली नाहीत ना?”

ताई, ते आमचे दाताचे डॉक्टर! ज्यांच्या दवाखान्यात माणूस कुजबुजतसुद्धा नाही, जे गेली बारा वर्षं माझ्याशी ‘आ करा’ आणि ‘थुंका’ यापलीकडे बोलले नाहीत, ते! ओळखल्यावर दोघंही लाजलो. पण त्यांच्या शेपट्या जास्त असल्यामुळे ते जास्त लाजले. मी सातवा भाग काढून दाखवला. कोल्हा आधी ओरडला, मग हसायला लागला, आणि मग सगळं तळघर घोड्याभोवती जमलं. माझ्यावर तलवारी उगारल्या जातील असं मला वाटत होतं. (माझ्याच टाक्यांच्या तलवारी.) त्याऐवजी एक पंखवाली म्हणाली, “ही तर वेगळीच गोष्ट झाली. मला द्या ना वाचायला.”

डॉक्टरांकडे या गोष्टीचे दोन संच आहेत, एक घरी काचेत आणि एक दवाखान्यात पेशंटांसाठी. दवाखान्यातल्या संचातले, मला कमी असलेले चौदा भाग द्यायला ते कबूल झाले. अटी तीन: कोल्ह्याबद्दल कुठे बोलायचं नाही (तू कुणाला सांगणार नाहीस म्हणून तुला सांगितलं), माझा सुलटा संच बदल्यात दवाखान्यात ठेवायचा, आणि दाढ काढून घ्यायची. दाढ गुरुवारी गेली. त्यामुळे हे पत्र मी एका गालाने लिहीत आहे.

तर आता एकोणीसच्या एकोणीस माझ्याजवळ आहेत, पण चौदांवर दर सतराव्या पानावर दवाखान्याचा जांभळा शिक्का आहे, ‘जेवणानंतर चूळ भरा’ असा, आणि अकराव्या भागाच्या कोपऱ्यावर कुणा बाळाच्या चार दातांचे ठसे आहेत. शिक्के फिकट करायला, कोपरा भरायला आणि पुस्तकं वापरून जुनी झाल्यासारखी दिसायला मला आठ दिवस लागतील. म्हणून ताई, माझी एवढी एकच विनंती. चिमणीला आणखी आठ दिवस तिकडेच अडकवून ठेव. गुडघ्यांचं निमित्त कर. भाऊजींना खोकायला लाव, त्यांना त्याचा सराव आहे. आणि तिला यातलं अवाक्षर कळू देऊ नकोस. तिच्या नजरेत मी पुस्तकांचा जाणकार आहे, तेवढं राहू दे.

भाऊजींना नमस्कार. तुझ्या गुडघ्यांना सोयीचं असेल तेव्हा उत्तर लिही.

तुझा,
धाकटा आणि अजून न सुधारलेला

ता. क. पत्र हिने वाचलं. ती म्हणते, यात एक गोष्ट गाळली आहे. गाळली नव्हती, जागा पुरली नव्हती. कातरणांचं पोतं रिकामं करताना हिला पहिल्या भागाच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवलेली एक चिठ्ठी मिळाली. चिमणीचं अक्षर. ‘मामा, हे उजवीकडून उघडतं. उगाच शहाणपणा करू नकोस.’ पण तिने ती चिकटवली सुरुवातीच्या पुठ्ठ्यावर, आणि मी उघडलं दुसऱ्या बाजूने. यात माझा दोष कितपत, हे तूच ठरव. हिने ठरवलं आहे.

ता. क. २. पाकिटाला खळ लावणार तेवढ्यात चिमणीचा फोन आला. प्रबंधवालीने त्या घोड्याचा फोटो कुठेसा टाकला होता. तो सगळ्या जगाने पाहिला आहे, आणि आपल्या चिमणीने दहा दिवसांपूर्वी पाहिला आहे. निळं कापड आणि जाड दोरा बघून तिने एका क्षणात ओळखलं. पहिल्या दिवशी रडली म्हणाली, दुसऱ्या दिवशी हसली, आणि तेव्हापासून हसतेच आहे. दवाखान्याच्या शिक्क्यांचे भाग राहू देत, पण माझा सुलटा संच दवाखान्यात ठेवायचा नाही, तो तिचा आहे, असं तिने बजावलं आहे. डॉक्टरांना काय सांगायचं ते मला कळत नाही, दाढ तर गेली. तेव्हा तिला अडकवून ठेवायची आता गरज नाही. हे पत्रही पाठवायची गरज नाही खरं तर, पण दोन दिवस लिहिलं आहे, म्हणून पाठवतो.

ता. क. ३. (हे हिच्या नकळत.) एकोणिसाव्या भागाच्या शेवटी म्हातारा घोडा नदीत पडतो आणि तिथेच भाग संपतो. उजवीकडून वाचला तरी पडतोच, मी दोन्हीकडून पाहिलं. विसावा भाग तिथे घेतला, पिशवीत आहे, असं चिमणी फोनवर बोलून गेली. ती बाहेर गेली की तू तो उघड, ‘थांबा’ लिहिलेलं पान दिसलं तर थांबू नकोस, तीच शेवटची बाजू, आणि घोडा तरला की नाही एवढं बघून मला उलट टपाली कळव. तरला नसेल तर घोड्याचं काही लिहू नकोस. नुसतं खुशालीचं पत्र पाठव, मी समजेन.